दिवाळीत सगळे गावी जमणार: घरच्यांच्या फोटोला कोणती वेळ धरावी?

गोदाकाठ
मंडळी, भाऊबीजेला अंबाजोगाईजवळच्या गावी सगळे जमणार आहेत. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. लहानमोठी १७ माणसं. आजोबा ८६ वर्षांचे, सगळ्यात धाकटं बाळ ११ महिन्यांचं. घर पूर्वेला तोंड करून, पुढं ओटा आणि शहाबादी फरशीचं अंगण. मागं शेत, तूर पुरुषभर झालेली. कॅमेरा साधा डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती), एक फ्लॅश, शिवाय फोन आहेतच. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो सकाळी अंघोळी झाल्या की लगेच, दुसरा म्हणतो जेवणं उरकून निवांत दोन वाजता. तुम्ही कोणती वेळ धराल?

लातूरचा_स्टुडिओ
दोन वाजताचं डोक्यातून काढून टाका. त्या आठवड्यात तुमच्याकडं सूर्य १२ वाजून ८-१० मिनिटांनी दिवसातल्या सगळ्यात उंच जागी येतो आणि दोनला जवळपास ४५ अंशांवर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली ओठावर, आजोबांच्या टोपीची सावली अर्ध्या चेहऱ्यावर. त्यात पांढरं धोतर आणि सावळे चेहरे एकाच फोटोत. चेहरा नीट आणावा तर धोतराच्या चुण्या पांढऱ्यात दिसेनाशा होतात, चुण्या सांभाळाव्या तर चेहरा बुडतो. फोनचा एचडीआर (उजळ-गडद फोटो जोडून एक करणारा मोड) थोडंफार सावरतो, पण चेहरे राखाडी करून ठेवतो.

तुमचं घर पूर्वेला तोंड करून आहे ही सगळ्यात कामाची गोष्ट. दुपारनंतर घराचीच सावली अंगणात उतरते. कठड्यासह भिंत १२ फूट धरली तर त्या दिवसांत तीनला सावली साधारण १७ फूट, चारला २८ फूट, साडेचारला ४० फुटांपर्यंत जाते. म्हणजे चार वाजता सतराच्या सतरा माणसं आणि वर खुर्च्या, सगळं आरामात सावलीत बसतं. समोर पूर्वेचं मोकळं आकाश, म्हणजे एका अंगाला पसरलेला मऊ उजेड. सावलीच्या कडेपासून चार-पाच फूट आत बसवा. अगदी भिंतीला चिकटवू नका, तिथं उजेड कमी पडतो. सावलीपलीकडच्या फरशीवर जे ऊन असतं तेच खालून चेहऱ्यांवर उजेड फेकतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सेटिंग म्हणाल तर लेन्सचं झूम ३५ वर, छिद्र एफ/६.३, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) ४००. तिथून पुढं चेहरे बघून कमीजास्त करा. अंतर साडेपाच-सहा मीटर. १८ वर आणून जवळ जाऊ नका, कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ‘शेड’ वर ठेवा. ऑटोवर ठेवला तर निळ्या आकाशाचा उजेड चेहऱ्यांवर उतरतो आणि सगळे गारठल्यासारखे दिसतात.

बालाघाट
स्टुडिओवाले दादा, चारचं गणित बरोबर. पण सकाळ एवढी सहज सोडू नका. ११ महिन्यांचं लेकरू सकाळी ताजंतवानं असतं, म्हातारी माणसंही. चारला बाळाची दुपारची झोप मोडलेली असली तर फोटोत रडका चेहराच येणार.

फक्त सकाळी ओट्यावर बसवायचं नाही. सूर्य साडेसहाला उगवतो आणि पूर्वेच्या घरावर सरळ तोंडावर येतो. सात ते आठ उजेड सोनेरी असतो खरा, पण त्यात अर्धी माणसं डोळे बारीक करून बसतात. त्या वेळी घराची सावली मागं, पश्चिमेला असते. परसदार झाडून घ्या, नऊ-साडेनऊपर्यंत तिथं तसाच मऊ उजेड मिळतो जो दादांनी दुपारी चारचा सांगितला.

ओट्यावरच हवा असेल तर एक करा. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, एक-दोन-तीन म्हणा, तीनला उघडले की लगेच दाबा. पहिल्या अर्ध्या सेकंदात डोळे मोठे असतात, मग परत बारीक होतात.

लातूरचा_स्टुडिओ
बालाघाट, परसदाराचं मान्य. पण भाऊबीजेच्या सकाळी घरातल्या बाया नऊपर्यंत साडी नेसून उभ्या राहतील हे धरून चालू नका. चूल, अंघोळी, ओवाळणी सगळं एकदम. पुरुष तयार आणि बाया स्वयंपाकघरात, असा फोटो घरोघरी आहेच. म्हणून मी चार म्हणालो. बाळाला दोनला झोपवा, साडेतीनला उठेल, थोडं खाऊ घाला, चारला हसतंय.

पळसफूल
भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्यास्त बघून ठरवणार असाल तर आधी बघा वेळ कुठली छापलीय. मुंबईची असेल तर आपल्याकडं सूर्य आधीच मावळतो. संभाजीनगरला साधारण १० मिनिटं, बीड-जालन्याला १२, धाराशिवला १२-१३, अंबाजोगाईला १४, लातूर-परभणीला १५, नांदेडला १८ मिनिटं आधी. छापील वेळेवर विसंबून ‘अजून वीस मिनिटं आहेत’ म्हणत साड्या बदलत बसलात तर नांदेडात दोनच मिनिटं उरतात.

आणि एक सोपी रीत. हात लांब करून सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये बोटं आडवी धरा, एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं.

सावलीचा_हिशोब
पळसफूल, वेळांचा फरक पक्का. बोटांचं माप मात्र आपल्याकडं चालत नाही. एक बोट म्हणजे साधारण दोन अंश. पंधरा मिनिटांचा हिशोब त्या मुलखातला जिथं सूर्य तिरपा-तिरपा सरकत मावळतो. आपण १८ ते २० अक्षांशांवर, इथं तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १३-१४ अंश. म्हणजे एक बोट आठ-नऊ मिनिटं, चार बोटं अर्धा-पाऊण तास.

म्हणूनच परदेशी व्हिडिओतला ‘गोल्डन अवर’, म्हणजे मावळतीआधीचा सोनेरी उजेड, इथं तासभर पुरत नाही. सूर्य १० अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत पाऊण तास धरा. त्यातली शेवटची दहा मिनिटं क्षितिजावरच्या धुरकटात जातात, कारण दिवाळीनंतर पाचट पेटायला लागतं आणि फटाक्यांचा धूर असतोच.

सावलीवरून मापायचं तर एक काठी उभी करा. सावली काठीच्या दुप्पट झाली की सूर्यास्ताला दोन तास. तिप्पट झाली की जवळजवळ दीड तास. सहापट झाली की पाऊण तास. जमीन सपाट हवी, एवढंच.

तुमच्या गावाच्या पश्चिमेला बालाघाट डोंगररांगेची कड असेल तर यातलं काहीच खरं नाही. डोंगर सात अंश वर असला तरी अर्धा तास आधीच ऊन जातं. आदल्या दिवशी एकदा उभं राहून बघा कधी झाकतं ते.

गोदाकाठ
डोंगर दक्षिणेला आहे, पश्चिम मोकळी. म्हणजे पाच ते साडेपाच शेतात जाता येईल. तुरीत फोटो चांगला येईल ना? सध्या पिवळी फुलं आहेत.

सावलीचा_हिशोब
येईल, पण तूर कोणत्या अंगाला ठेवता त्यावर आहे. पाच वाजता सूर्य १० अंशांवर असेल आणि सहा फूट तुरीची सावली ३४ फूट पडेल. तूर तुमच्या पश्चिमेला असली तर पाचलाच तुम्ही तिच्या सावलीत गडप. ऊस असला तर विचारूच नका, दहा फूट उसाची सावली ५५ फुटांच्या वर जाते.

त्यामुळं तूर पूर्वेला पाठीमागं ठेवा, माणसं पश्चिमेकडं तोंड करून, पण सूर्याला सरळ नाही. त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, १७-१८ अंश दक्षिणेकडं सरकून मावळतो. माणसांची तोंडं थोडी वायव्येला वळवली की ऊन त्यांच्या डावीकडून तिरपं येतं. चेहऱ्याला उठाव येतो, डोळेही मिटत नाहीत. कॅमेरा धरणाऱ्याची लांब सावली फोटोत शिरत नाही हा वरचा फायदा.

काळीमाती
एक राहिलं. शेतात जमीन काळी. काळी माती उजेड पिऊन टाकते, खालून काहीच परत येत नाही. अंगणातल्या फरशीवर जे डोळे उजळ दिसतात तेच नांगरटीवर खोल गेलेले दिसतात. पुढच्या माणसांच्या पायापुढं, फोटोच्या चौकटीबाहेर, पांढरी चादर किंवा धुतलेलं धोतर अंथरा. वारा असेल तर चार कोपऱ्यांना ढेकळं. थर्माकोलचं शीटही चालतं, छातीच्या उंचीवर तिरपं धरायला एक पोरगं उभं करा. चंदेरी कागद लावू नका, उन्हात त्यानं डोळे दिपतात.

हेच उलट्या बाजूनंही आहे. लाल सतरंजी अंथरून लेकरांना खाली बसवलं की हनुवटीखाली लाल झाक येते. हिरव्या रंगाची भिंत शेजारी असली तर गालावर हिरवट. दुकानातल्या मशीनवर हे सहजी निघत नाही. करड्या किंवा मातकट रंगाची सतरंजी बघा, नाहीतर सरळ फरशीवर बसवा.

हुरडा_मंडळी
फ्लॅश आहे ना? मग भर दुपारीही होईल की. सावल्या भरून निघतात.

लातूरचा_स्टुडिओ
दोन-तीन माणसांच्या निघतात, सतराच्या नाही. भर उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ धरावं लागतं. त्याहून जलद शटर साध्या फ्लॅशला चालत नाही, फोटोत काळा पट्टा येतो. ३५ च्या झूमवर फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ३६ च्या आसपास. ३६ भागिले ११, म्हणजे पूर्ण ताकदीनं सव्वातीन मीटर. नुसती सावली भरायला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड, धरला तरी साडेचार. तुम्ही उभे सहा मीटरवर. चार झटक्यांत फ्लॅश तापतो ते वेगळंच. फ्लॅश संध्याकाळी सहाला, पणत्यांच्या फोटोला ठेवा. तोही भिंतीवर किंवा छतावर मारून.

लिंबाखाली
अंगणात झाड असेल तर दुपारचाही उपाय आहे, फक्त झाड बघून घ्या. जुना लिंब, चिंच, वड यांची सावली दाट. बाभळीखाली किंवा शेवग्याखाली बसवू नका. पानं बारीक, ऊन गाळून येतं आणि चेहऱ्यावर रुपयाएवढे पांढरे ठिपके पडतात. एकाच्या कपाळावर, एकाच्या नाकावर. ते नंतर पुसता येत नाहीत. तपासायचं कसं? पांढरा कागद चेहऱ्याच्या उंचीवर धरून झाडाखाली फिरवा. ठिपका दिसला ती जागा सोडा. आणि झाडाच्या अगदी बुडाशी नको, सावलीच्या कडेला आतून, जिथं समोरून मोकळं आकाश दिसतं तिथं.

पैठणची_लेक
बायांच्या बाजूनं दोन गोष्टी.

पैठणी किंवा जरीचं काठपदर असेल तर थेट ऊन नको. जर आरशासारखी चमकते, काठावरचे मोर पांढरे होऊन जातात, नक्षी दिसतच नाही. घराच्या सावलीत रंग खरा येतो. धूपछाव पैठणीत तर दोन रंगांचे धागे असतात, तिलाही सावलीच बरी. पदर खास दाखवायचा असेल तर पाचनंतरचं तिरपं ऊन, तेही बाजूनं.

दुसरं म्हणजे चष्मे. घरातल्या मोठ्यांचे चष्मे उन्हात काळे होणारे असतात. ते नुसत्या उन्हात नाही, सावलीत आणि ढगाळ दिवशीही काळे होतात, कारण त्यांना अतिनील किरण पुरतात. गारव्यात तर अजून गडद. मग आजोबा फोटोत गॉगल घातल्यासारखे. काळं व्हायला मिनिटही लागत नाही, परत साफ व्हायला मात्र बरीच मिनिटं लागतात. जुना साधा चष्मा असेल तर तो शोधून पुसून ठेवा. नसेल तर चष्मा घरातच ठेवा आणि सगळे बसल्यावर शेवटी डोळ्यांवर चढवा. पहिले दोन-तीन फोटो त्यांचेच.

गोदाकाठ
ताई, चष्म्याचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आजोबांचा नेमका तसाच आहे.

फोनवर पोर्ट्रेट मोड लावू का मोठ्या फोटोला?

सावलीचा_हिशोब
नको. मागची ओळ धूसर होते, आणि हातांच्या फटीत, केसांच्या कडेला चुकीचं कापलं जातं. साधा मोड, झूम १ एक्स. ०.५ वर जाऊ नका, जागा कमी पडली तर तुम्ही मागं सरका. पुढच्या ओळीतल्या मधल्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही बांधले जातात. सावलीत उजेडाची पट्टी किंचित वर ओढा.

किती काढायचे, तर वीसपर्यंत माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीननं भागा. तुमचे सहा. उजेड कमी असेल तर दोननं, म्हणजे नऊ. तेवढ्यात सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी निघतो. लेकरं आहेत, त्यामुळं वर चार टाका.

उन्हाळी_सुट्टी
धाग्याला थोडा फाटा फोडतो. आमच्याकडं मे महिन्यात लग्न आहे, परभणीजवळ. मुहूर्त दुपारी १२:३५ चा. नेहमीप्रमाणं अक्षता पडल्या की स्टेजवर नातेवाइकांची रांग. त्यातून घरच्यांचा एक धड फोटो कसा काढायचा?

लातूरचा_स्टुडिओ
मे महिन्यात आपल्याकडं दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. लातूरला १३-१४ मे, संभाजीनगरला १९-२० मेच्या आसपास शून्य सावली, काठीची सावली बुडाशीच. मांडवाबाहेर उभं करणं म्हणजे छळ. मांडवात उभं केलं तर कापडाचा रंग चेहऱ्यावर. लाल-गुलाबी कापडाखाली नवरी भाजल्यासारखी दिसते, पिवळ्याखाली काविळीची. मांडव ठरवतानाच सांगा, स्टेजवरचा आणि समोरचा पंधरा फुटांचा पट्टा पांढऱ्या कापडाचा ठेवा. वरचं ऊन त्यातून गाळून येतं, मोठ्या ढगासारखं. वर्षातला सगळ्यात मऊ उजेड तुम्हाला बारा वाजता मिळतो तो असा.

नाहीतर घरच्यांचा फोटो हळदीच्या दिवशी सकाळी साडेसहा ते सव्वासातमध्ये उरका. मेमध्ये सूर्य सहाच्या आतच उगवतो. संध्याकाळचं सव्वासहा ते पावणेसात दिसायला चांगलं, पण फरशी आणि भिंती तोवर वाफा सोडत असतात. मेकअप टिकत नाही, लेकरं किरकिरतात, आणि वळवाचं आभाळ भरून आलं की सगळंच गेलं.

बालाघाट
आणि नातेवाइकांच्या रांगेत आधी आजी-आजोबा. त्यांना जेवणाच्या पंगतीनंतर पुन्हा उभं करू नका.

वेशीबाहेर
गोदाकाठ, दुसऱ्या दिवशी सगळे फिरायला निघणार असाल तर तिथलीही वेळ बघून ठेवा. बीबी का मकबऱ्याचं दार दक्षिणेला. समोरून फोटो काढताना तुमचं तोंड उत्तरेला असतं. नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य दक्षिणेकडं कललेला, त्यामुळं दर्शनी बाजूवर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तिरपं ऊन येतं. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडं सरकून मावळतो, तेव्हा संध्याकाळी तीच बाजू सावलीत जाते. ट्रायपॉडला परवानगी लागते, हातातच काढायचं ठरवून जा.

वेरूळचं कैलास पश्चिमेला तोंड करून. सकाळी दहाला पोचणारे बहुतेक जण सावलीतला दगड आणि मागं पांढरं आकाश घेऊन परततात. दुपारी तीननंतर पुढच्या बाजूवर ऊन येतं. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा.

गोदाकाठ
सगळ्यांचं ऐकून असं ठरवतोय: ३:३० ला तयार, ४ ते ४:३० अंगणात सगळ्यांचा, मग ५ ते ५:३० शेतात. सूर्यास्त ५:४८-५० चा दिसतोय. काही चुकतंय का? आणि ऐनवेळी आभाळ आलं तर?

लातूरचा_स्टुडिओ
वेळ बरोबर. ३:३० ची तयारी घरच्यांना ३ ची सांगा, कारण उघड आहे.

मांडणी साडेतीनलाच करून ठेवा. मधे चार-पाच खुर्च्या मोठ्यांना, पुढं लेकरं खाली, मागं उभे. ओट्याची पायरी असेल तर मागची ओळ पायरीवर. फटफट्या, पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे चौकटीतून हलवा. पत्र्याचं शेड मागं येत असेल तर कोन बदला, पत्रा चकाकतो. डोक्यातून विजेची तार जाते का हे खाली वाकून बघा.

पहिला फोटो सगळ्यांचा. लगेच दुसरा आजोबा-आजी आणि नातवंडं, तिसरा बाळाला मांडीवर घेऊन. एवढं झालं की मोठ्यांना आणि बाळाला मोकळं करा. मग भावंडं, जावा, जोडपी. प्रत्येक गटाला दोन-तीन मिनिटं. नावं घेऊन हाका मारणारं एक माणूस वेगळं ठेवा, कॅमेरा धरणाऱ्यानं ते काम करू नये. शेतात सगळ्यांना नेऊ नका, ढेकळांतून म्हातारी माणसं आणि नव्या चपला दोन्ही चालत नाहीत. लेकरं, जोडपी, बहिणी-बहिणी तेवढ्या.

आभाळ आलं तर उलट सोपं होतं. तीन ते साडेचार कधीही काढा, सावलीचा हिशोबच नको. फक्त आकाश चौकटीत घेऊ नका, पांढरं फटफटीत येतं. भिंत किंवा झाडी मागं ठेवा, एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा. ढगाळ उजेड वरून पडतो, डोळ्यांखाली काळं दिसतं, म्हणून स्टुलावर उभं राहून किंचित वरून काढा, माणसं आपोआप हनुवटी उचलतात. साडेचारनंतर मात्र ढगात उजेड झपाट्यानं उतरतो, आयएसओ ८००-१६०० ची तयारी ठेवा.

पैठणची_लेक
पणत्यांचा फोटो राहिला की. तो सूर्यास्तानंतर दहा ते वीस मिनिटांत, म्हणजे ६ ते ६:१० च्या दरम्यान. आकाश अजून निळं असतं आणि पणतीचा उजेड चेहऱ्यावर दिसतो. साडेसहाला मागं सगळं काळं. पणत्या पावणेसहालाच तेल-वात घालून मांडून ठेवा, पेटवायला दोघं-तिघं लावा. ओट्यावरचा पांढरा एलईडी बंद करा, नाहीतर पणतीचा उजेड दिसणारच नाही. लेन्स १८ वर उघडून एफ/३.५, १/६०, आयएसओ १६०० ते ३२००. फोनचा नाइट मोड लेकरांना चालत नाही, दोन सेकंद ती थांबत नाहीत. आणि फुलबाज्या पेटवायच्या आत काढा, एकदा धूर झाला की अंगणात वारा येईपर्यंत थांबावं लागतं.